हर्ष हरला, पण कुठे?

मंडळी, शाळेत आपण सगळ्यांनी एक वाक्य पाठ केलं: दख्खनच्या चालुक्य राजा सत्याश्रय पुलकेशीने नर्मदेच्या काठी उत्तरेच्या सम्राट हर्षवर्धनाचा पराभव केला. आता कुणी विचारलं, की नर्मदेच्या काठी म्हणजे नेमकं कुठे? अमरकंटकपासून भडोचपर्यंत ही नदी तेराशे किलोमीटर वाहते. पण त्याआधीही एक प्रश्न आहे. हे नर्मदेचं नाव आपल्याला दिलं कुणी?

दोन मोठे साक्षीदार आहेत. पहिला पुलकेशीचा कवी रविकीर्ती. कर्नाटकातल्या ऐहोळेच्या मेगुती मंदिरावर कोरलेली त्याची प्रशस्ती, म्हणजे राजाच्या स्तुतीचा लेख, ६३४ सालची, म्हणजे खुद्द पुलकेशीच्या हयातीतली. तिच्यात हर्षाच्या पराभवाचा श्लोक आहे: रणात हत्तींची दळं कोसळली आणि भयाने हर्षाचा हर्ष गळाला. श्लेष मोठा झोकदार आहे, पण त्या श्लोकात नदी नाही. रेवा, म्हणजे नर्मदा, येते ती पुढच्या श्लोकात. तिथे कवी सांगतो, की राजा आपल्या विशाल सैन्यांनिशी पृथ्वीचं शासन करत असताना रेवेच्या वाळवंटांनी शोभणारा विंध्याचा परिसर त्याच्या तेजाने अधिकच उजळला. हे लढाईचं वर्णन वाटतं का तुम्हाला? मला तरी हे सीमेवर ठाण मांडून बसलेल्या फौजेचं चित्र दिसतं. आपण दोन श्लोक एकमेकांना जोडले आणि रणांगण नदीकाठी नेऊन ठेवलं.

दुसरा साक्षीदार चिनी प्रवासी ह्युएन त्संग. पराभवानंतर वीसेक वर्षांनी तो महाराष्ट्रात आला. तो लिहितो, की शिलादित्याने, म्हणजे हर्षाने, हिंदुस्थानच्या पाचही भागांतून सैन्य गोळा केलं, उत्तम सेनानी बोलावले, स्वतः चालून आला, तरी या लोकांना नमवू शकला नाही. स्थळाचा उल्लेख नाही. हर्षाच्या बाजूने तर काहीच मिळत नाही. हर्षाचा दरबारी कवी बाणभट्ट याचं हर्षचरित ही गोष्ट यायच्या कितीतरी आधीच थांबतं.

तारखेची गोष्ट मात्र रंजक आहे. नाशिक जिल्ह्यातल्या लोहनेरच्या ६३० सालच्या ताम्रपटात हर्षावरच्या विजयाचा उल्लेख नाही, तेव्हा लढाई ६३० नंतरचीच, असं काही अभ्यासक मानत. मग विजापूर-मुंबई ताम्रपट पुढे आला. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या अभ्यासकांनी तो वाचला. त्याची तारीख ४ एप्रिल ६१९ आणि त्यात हर्षाचा पराभव आलेला! म्हणजे युद्ध ६१८-१९च्या हिवाळ्यातलं, असं आता मानलं जातं.

आणि ही तारीख भूगोलाबद्दलही बोलते. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की फौजा हलायच्या. हिवाळ्यात नर्मदा उतरलेली असते, पायी ओलांडायच्या जागा ठिकठिकाणी सापडतात. पावसाळ्यातली नर्मदा भिंत असते, माघातली नसते. मग पुलकेशीसारखा मुरब्बी सेनानी शेकडो मैलांचा काठ अडवत बसेल? माळव्यातून दख्खनला यायच्या वाटा मोजक्या. खलघाटाला नर्मदा ओलांडून सेंधव्यावरून खानदेशात, नाहीतर असीरगडाच्या पायथ्याने बुऱ्हाणपूरकडे. आज खांडव्याहून भुसावळला येणारी रेल्वे असीरगडाजवळच्या याच खिंडीतून येते. हर्षाचं बळ हत्तींत होतं, आणि हत्तीला रोज ढीगभर चारा लागतो, भरपूर पाणी लागतं. त्याला नदी ओलांडू द्यायची, निमाडात दमवायचं आणि सातपुड्याच्या तोंडाशी गाठायचं, हेच मला शहाणपणाचं दिसतं.

याला एक तगडा आक्षेप आहे, तो लपवत नाही. ऐहोळेच्याच लेखात लाट (दक्षिण गुजरात), मालव (माळवा) आणि गुर्जर पुलकेशीपुढे नमल्याचं म्हटलंय. भडोचकडच्या गुर्जर दद्दाने तर हर्षाने पिटाळलेल्या सौराष्ट्रातल्या वलभीच्या राजाला आसरा दिला होता, असं त्याच्या वंशजाचा ७०६ सालचा नवसारीचा ताम्रपट सांगतो. मग चकमक गुजरातेत, कदाचित नर्मदेच्या उत्तरेलाही झडली असेल. तसं असेल तर सातपुड्याचं माझं सगळं गणित कोसळतं. तरी मी खिंडीकडेच झुकतो, कारण ‘सकलोत्तरापथेश्वर’, म्हणजे सगळ्या उत्तरेचा स्वामी, असं ज्याचं वर्णन पुढचे चालुक्य करतात, तो एवढा लवाजमा घेऊन एका मांडलिकासाठी किनाऱ्याकडे वळेल, हे मला पटत नाही.

‘मग उत्खनन कुठे करायचं?’ असं मघाशी कुणीतरी विचारलं. उत्खननाने सुरुवात करूच नका. लढाईनंतर लोखंड मैदानात पडून राहत नाही. जिंकणारे नेतात, उरलेलं गावचा लोहार वितळवतो. काठ शोधायचा म्हटलं तर इंदिरा सागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर या धरणांनी त्याचा मोठा भाग पाण्याखाली घातलाय. महेश्वर-नावडातोडीला डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी १९५०च्या दशकात उत्खनन केलं, तिथे ताम्रपाषाण काळाची वस्ती उजेडात आली. ते वस्तीचं काम होतं. रणांगण शोधायची रीत निराळी. सेंधवा ते असीरगड या पट्ट्यातली जुनी पाणवठ्याची ठिकाणं आधी नकाशावर घ्यायची, मग त्यांच्याभोवतीची नांगरटीची शेतं हिवाळ्यात पायी पालथी घालायची. बाणांची टोकं, हत्तीच्या साजाच्या कड्या, जे मिळेल त्याची जागा नोंदवायची. आणि शेतकऱ्यांना विचारायचं, की विहीर खणताना काय निघालं होतं. घरोघरी कोनाड्यात काहीतरी ठेवलेलं असतंच.