गिर्येचा न पेटलेला बॉयलर

माईक लागला का? बरं. अध्यक्षांनी मला ‘ऊर्जातज्ज्ञ’ करून टाकलं. मी वीजखात्यातून निवृत्त झालेला साधा इंजिनीअर. तज्ज्ञ असतो तर घरचं बिल तरी कमी आलं असतं.

विषय सिंधुदुर्गातल्या देवगड तालुक्यातल्या गिर्येच्या, कधी उभ्याच न राहिलेल्या औष्णिक वीज प्रकल्पाचा. देवगडकर किती आहेत इथे? अरे, निम्मा हॉल! मग हापूसवर बोलत नाही, ‘रत्नागिरीचा की देवगडचा’ यातच नऊ वाजतील.

गिर्ये विजयदुर्गाला लागून. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात, ते पाहिले असतीलच. 18 ऑगस्ट 1868 चं खग्रास ग्रहण, इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर साहेबाने तिथे दुर्बीण लावली आणि सूर्यावर हेलियम सापडला, असं सांगतात. त्या तारखेला तिथे हेलियम दिवसही साजरा होतो. मीही ही गोष्ट आयुष्यभर छाती फुगवून सांगितली. एकदा ऑफिसात एका तमिळ सहकाऱ्याला जरा जास्तच फुगवून. दुसऱ्या दिवशी तो पुस्तकच घेऊन आला. म्हणाला, वाच. त्या ग्रहणात सूर्याच्या वर्णपटातली पिवळी रेषा, म्हणजे हेलियमची खूण, पाहणारा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन होता आंध्रातल्या गुंटूरला. लॉकियरला ती दिसली ऑक्टोबरात, इंग्लंडमध्ये, ग्रहण नसतानाच. साहेब हिंदुस्थानात पहिल्यांदा आला तो 1871 च्या ग्रहणाला, आणि तेही बेकलच्या किल्ल्यावर, केरळात! दोन दिवस मी त्या माणसाबरोबर डबा खाल्ला नाही. आजही विजयदुर्गला गेलो की ओट्यावर बसतो. ओटा तर खरा आहे ना!

हसू नका, मुद्दा इथेच आहे. जे घडलंच नाही, तेही गावात ओटा बांधून राहतं.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं. अहो, आत्ता कुठे कोळशापर्यंत आलो!

तर 2005-06 च्या सुमारास केंद्राने ‘अल्ट्रा मेगा’ वीज प्रकल्पांची योजना काढली. एकेक प्रकल्प सुमारे 4000 मेगावॅटचा. महाराष्ट्राच्या वाट्याला गिर्ये. का? तर बाहेरून येणाऱ्या कोळशाला बंदर हवं, यंत्रं थंड करायला समुद्राचं पाणी हवं, आणि सडा, म्हणजे आमचं कातळाचं पठार, कागदावर ‘पडीक’ दिसतो. त्या पडीक सड्यावर सुरुंग लावून, खड्ड्यात माती भरून लोकांनी कलमं उभी केलीत, हे नकाशाला कोण सांगणार? एवढ्या केंद्राला वर्षाला कोटीभर टनांहून जास्त कोळसा लागतो. राख, गंधकाचा धूर, खाडीत सोडलेलं गरम पाणी. मोहोर धरताना दोन दिवस मळभ आलं तरी बागायतदाराची झोप उडते, तो हे ऐकून घेणार? विरोध झाला. 2010 मध्ये तर रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या नव्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुऱ्याच केंद्राने काही काळ थांबवल्या.

पण सगळं श्रेय आंब्याला देऊ नका, देवगडकरांनी माफ करावं. या योजनेतले चारच प्रकल्प कंपन्यांना दिले गेले: मुंद्रा, सासन, कृष्णपट्टणम, तिलैया. उभे राहिले पहिले दोन. त्यातल्या गुजरातच्या मुंद्र्याचा ठरलेला दर होता युनिटला 2 रुपये 26 पैसे, कोळसा इंडोनेशियाचा. तिथल्या सरकारने 2010 मध्ये किमतीचे नियम बदलले, कोळसा महागला आणि हिशेब कोसळला. गिर्ये त्याच वाटेवरचं होतं, आयात कोळशाच्या. झालं असतं तर मुंद्र्याचंच दुखणं कोकणात आलं असतं. यावर खरं तर अर्धा तास बोलायचं होतं, आकडेही आणलेत, राहू दे.

एवढ्यावर सुटका नाही. 2017 मध्ये शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या नाणारच्या तेल रिफायनरीसाठी जमिनीची अधिसूचना निघाली, तीत देवगडची दोन गावं होती: रामेश्वर आणि, बरोबर, गिर्ये! 2019 मध्ये तेही रद्द. पण मधल्या वर्षांत माणसाने घर बांधायचं की नाही, कलमं लावायची की नाही? त्या थांबलेल्या वर्षांचा पंचनामा कुठलाच तलाठी करत नाही.

उठतो, अध्यक्ष उभे राहिलेत. तिकडच्या आमच्या एक आत्या आहेत, नव्वदीच्या. सड्यावर कोणी मोजणीची टेप घेऊन दिसला की पडवीतूनच विचारतात, “आता काय नवीन हाडलात?”, म्हणजे आणलंत, आणि त्याला सरबत देतात.