पावसात पोकलेन चढवताना

नमस्कार श्रोतेहो. घाटात दरड कोसळली की पहिली हाक पोकलेनला जाते. पण ते येतं ट्रेलरवर बसून, आणि भर पावसात वीस टनांचं धूड ट्रेलरवर चढवणं म्हणजे खेळ नव्हे.

चिपळूणकडे एक जुने ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. जुलैची रात्र, धो धो पाऊस, परशुराम घाटात जायचं. ठेकेदाराची घाई. मामा मात्र खाली उतरून पहारीनं चेनमधला, म्हणजे मशीन ज्या लोखंडी पट्ट्यांवर चालतं त्यांच्यातला, चिखल उकरतायत! आपली लाल माती कशी चिकटते ते तुम्हाला सांगायला नको. ठेकेदार कावला, "मामा, मशीन धुवायला आणलंय का?" मामांनी मान वर केली नाही. चेन साफ झाल्यावर म्हणाले, "क्रशरची कच आणा." ती दगडाची बारीक कच रॅम्पवर पसरली. मग ट्रेलरचं मागचं चाक बघितलं, साइडपट्टीत चार बोटं रुतलेलं. ट्रेलरवाल्याला म्हणाले, "पुढं घे, डांबरावर." (साइडपट्टी नीट दाबायची असते, नुसता मुरूम ओतून पांढरी रेघ मारायची नसते, पण ऐकतो कोण!) असो.

मामा मशीनवर बसले, चेन रॅम्पला टेकली आणि इंजिन बंद! का? तर हेल्पर छत्री घेऊन रॅम्पच्या अगदी कडेला "येऊ द्या, येऊ द्या" करतोय. मामा म्हणाले, "तू आधी पुढं ट्रेलरच्या केबिनपाशी जा. तिथनं हात कर." पोरगं गेलं. मशीन चढायला लागलं आणि उजवी चेन वीतभर सरकली, पोरगं उभं होतं त्याच अंगाला. मामांनी रॅम्पवर मशीन वळवलं नाही. सरळ मागं घेतलं, पुन्हा कच टाकली, पुन्हा सरळ चढवलं. ठेकेदारानं स्वतः जाऊन चहा आणला म्हणे.

तर मंडळी, ओल्या लोखंडावर लोखंड घसरतंच. म्हणून चेन साफ, रॅम्प खरखरीत, ट्रेलर पक्क्या सपाट जागी. परत सांगतो: चेन साफ, रॅम्प खरखरीत, ट्रेलर सपाट जागी. चाकांना गुटके लावा. रॅम्पचा चढ १५ अंशांच्या आत ठेवा. चढताना चेन फिरवणारी ट्रॅव्हल मोटर मागे, बकेट पुढे आणि खाली, वेग कासवाच्या, म्हणजे सगळ्यात हळू चालीच्या, बटणावर. माथ्यावर मशीन एकदम पुढं कलतं, तिथं अगदी दमानं. रॅम्पवर वळायचं नाही, कडेला कुणी उभं राहायचं नाही.

आणि मशीन ट्रेलरला बांधायच्या साखळ्या आवळून निघालात, तरी चार-पाच किलोमीटरवर थांबून त्या पुन्हा ताणून बघा. हादऱ्यांनी मशीन बसतं आणि साखळी ढिली पडते.