खोली खाली करायला लावायची कुणी?

नमस्कार श्रोतेहो. आज किरायाच्या घराबद्दल बोलायचं आहे.

आपल्या नागपूरच्या भोवतालची इसासनी, डिगडोह, वानाडोंगरी, वाडी, नाहीतर तिकडे बुटीबोरी. कारखान्यात कामाला जाणारी माणसं जिथं जिथं राहतात, तिथं खोली दाखवताना घरमालक किरायाच्याही आधी नियम सांगतो. गेट रात्री दहाला बंद. पाण्याची मोटर सकाळी एकदाच. मटण-मच्छी चालणार नाही. पाहुणा आला तर दोन दिवसांच्या वर नको. आणि उन्हाळ्यात कूलर लावायचा असेल तर त्याचे पैसे वेगळे. आता सेकंड शिफ्टचा पोरगा कारखान्यातून निघतो तेव्हा दहा केव्हाच वाजून गेलेले असतात. पण त्याला खोली हवी असते, म्हणून तो म्हणतो, ‘हो काकू, काही प्रॉब्लेम नाही.’ प्रॉब्लेम आहे हे काकूंनाही कळतं. पण त्यांनाही किरायदार हवाच असतो. गेटच्या किल्लीचं पुढं पाहू, असं दोघंही मनात ठरवतात आणि डिपॉझिटचे पैसे हातात पडतात.

हे नियम कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात नाहीत. करारनाम्यात लिहिले तर त्या अटी, नाही लिहिले तर तोंडची गोष्ट. ते मोडले म्हणून कुरबूर होईल, पुढच्या वर्षी करार वाढवून मिळणार नाही. पण तेवढ्यावरून सामान रस्त्यावर काढायचा हक्क कुणाला मिळत नाही.

आपल्याकडे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा चालतो. ३१ मार्च २००० पासून तो लागू झाला. त्याआधी विदर्भाची तऱ्हा वेगळी होती. आपण पूर्वी मध्य प्रांत-वऱ्हाडात होतो, म्हणून इथं १९४९ चा सीपी अँड बेरार रेंट कंट्रोल ऑर्डर होता. महाल, इतवारी, गांधीबागेतल्या जुन्या मंडळींच्या तोंडी अजून ‘रेंट कंट्रोलर’ हा शब्द येतो, तो तिथला. मालकाला किरायदार काढायचा असेल तर आधी रेंट कंट्रोलरची परवानगी, मग नोटीस, मग दिवाणी दावा. एकाच घरासाठी दोन लढाया. बापानं लावलेला दावा पोराच्या काळात निकाली निघायचा, असं गमतीनं म्हणत, पण त्यात फारशी गंमत नव्हती. नव्या कायद्यानं ही परवानगीची पायरी काढून टाकली. आता नागपूर शहरात मालक थेट लघुवाद न्यायालयात जातो, ज्याला आपण सगळे स्मॉल कॉज कोर्ट म्हणतो. निकाल पटला नाही तर अपील जिल्हा न्यायालयात.

एक गोष्ट मात्र आधी तपासून घ्या. हा कायदा त्याच्या परिशिष्टात नावं असलेल्या भागांपुरताच लागू आहे. शहराला लागून असलेलं एखादं गाव त्यात नसेल, तर तिथं १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागतो आणि चित्र पार पालटतं. वेगळं काही ठरलेलं नसेल तर महिन्याच्या किरायानं राहणाऱ्याला तिथं १५ दिवसांची नोटीस पुरते. कारखाना चालवायला जागा वर्षाच्या हिशेबानं घेतलेली असेल तर ६ महिन्यांची. रस्त्याच्या या बाजूला एक कायदा, त्या बाजूला दुसरा, असंही होऊ शकतं. म्हणून वकिलाकडे गेलात की जागा नेमकी कुठल्या हद्दीत आहे ते पहिल्यांदा सांगा. कर पावती सोबत न्या.

आता थकलेल्या किरायाकडे येतो, कारण भांडणं बहुतेक तिथूनच निघतात. कंपनीत काम कमी झालं, ठेकेदारानं पगार अडकवला, गावाकडं कुणी आजारी पडलं. दोन महिने किराया चुकला. तिसऱ्या महिन्यात घरमालक दारात उभा. ‘मले काही सांगू नको बाबू, पैसे दे नाही तं खोली खाली कर.’ बोलायला तो मोकळा आहे. पण कोर्टात जायचं तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती मिळाल्यापासून ९० दिवस होईपर्यंत थकबाकीसाठी दावा लावता येत नाही. बरं, दावा लागला तरी दार उघडंच असतं. समन्स बजावल्यापासून ९० दिवसांत किरायदारानं सगळी थकबाकी १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याच्या खर्चासकट कोर्टात भरली, आणि निकाल लागेपर्यंत पुढचा किराया नियमित भरत राहिला, तर थकबाकीच्या कारणावरून त्याला काढता येत नाही. एवढी सवलत असूनही लोक घर गमावतात. का? तर समन्स घेऊन आलेल्या माणसाला पाहून दार लावून घेतात. कागद घेतला नाही म्हणजे केस झाली नाही, अशी एक समजूत आहे. केस होते. आपल्या पाठीमागं होते, एवढाच फरक.

मालक किराया घेतच नसेल तर? तोही एक जुना डाव आहे. आधी तीन महिने पैसे घ्यायचे नाहीत, मग थकबाकीची नोटीस पाठवायची. अशा वेळी पैसे बँकेतून पाठवा. फोनवरून पाठवताना खाली ‘मे महिन्याचा किराया, खोली’ एवढं टाइप करायला पाच सेकंद लागतात. रोखीनं देत असाल तर पावती मागा. पावती देणं ही मालकाची मेहेरबानी नाही. कायद्यानं ते त्याचं काम आहे आणि ती नाकारली तर दंड आहे.

थकबाकी सोडून दुसरी कारणंही कायद्यात आहेत. लेखी परवानगी न घेता पक्कं बांधकाम केलं, शेजाऱ्यांना उपद्रव दिला, जागा गैरकामाला वापरली, परस्पर पोटभाडेकरू ठेवला. ही समजायला सोपी आहेत. एक कारण मात्र कामगारांनी कान देऊन ऐकावं. ज्या कामासाठी जागा घेतली त्या कामासाठी ती सलग ६ महिने वापरलीच नाही आणि त्याला वाजवी कारण नसेल, तर मालकाला ताबा मागता येतो. कारखाना बंद पडला की माणूस कुलूप लावून भंडाऱ्याला, बालाघाटला गावी निघून जातो. किराया पाठवत राहतो आणि समजतो, आपलं घर शाबूत आहे. नुसत्या किरायानं ते शाबूत राहत नाही.

मालकाच्या स्वतःच्या गरजेचा मुद्दा निघाला की प्रकरण नाजूक होतं. मुलाचं लग्न ठरलं, वरची खोली हवी आहे. कोर्ट मालकाला विचारतं, गरज खरी आहे का? एवढ्यावर थांबत नाही. खोली दिली तर किरायदाराचे हाल जास्त, की नाही दिली तर मालकाचे जास्त, हेही तोलतं. आणि निकाल मालकाच्या बाजूनं गेला तरी त्याला त्या जागेत एक महिन्याच्या आत राहायला यावं लागतं. एका वर्षाच्या आत तीच जागा दुसऱ्याला किरायानं दिली, तर जुना किरायदार १३ महिन्यांच्या आत अर्ज करून जागा परत मागू शकतो. मुलगा पुण्यात स्थायिक आणि खोलीत नवा बिऱ्हाडकरू, असं दिसलं तर ही तरतूद आठवा.

आता मालकाची बाजू. घरमालक म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर शेठ येतो. हिंगण्याच्या बाजूला तसं नसतं. तिथला घरमालक बऱ्याचदा काल स्वतःच कामगार होता. रिटायर झाल्यावर पीएफच्या पैशातून त्यानं घरावर दोन खोल्या चढवल्या आणि आता त्या किरायावर दोघा म्हाताऱ्यांचं औषधपाणी चालतं. तारखांवर तारखा पडतात तेव्हा त्याचा धीर सुटतो, आणि मला त्याचा राग येत नाही. पण धीर सुटला की तो जे करतो ते चूक असतं. तो मीटरचा फ्यूज काढतो.

हे नीट समजून घेऊ. मे महिना आहे. पारा पंचेचाळिसाच्या आसपास. वरच्या स्लॅबखालची दहा बाय दहाची खोली, तीन पोरं, नाईट शिफ्ट करून आलेली, दिवसा झोपणारी. सबमीटर खाली मालकाच्या जिन्यात. सकाळी अकराला कूलर बंद पडतो. पोरं खाली येऊन विचारतात, ‘काका, लाइट गेली का?’ तर मालकाच्या घरात पंखा सुरू. अशा खोलीत संध्याकाळपर्यंत कोण टिकेल? माणूस दोन दिवसांत आपणच निघून जातो, आणि मालक म्हणतो, मी कुठं काढलं? कायद्याला हे नाटक पाठ आहे. वीज, पाणी, जिन्यातला दिवा, संडासची सोय यांना तो आवश्यक पुरवठा म्हणतो. सबळ कारण नसताना मालकानं तो तोडला तर किरायदार त्याच कोर्टात अर्ज करून पुरवठा सुरू करण्याचा हुकूम मिळवू शकतो. मालकाला तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

कुलूप बदलण्याचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयानं १९८९ च्या एका निकालात स्पष्ट सांगितलं आहे की, ज्याच्या हाती जागेचा स्थिर ताबा आहे, त्याची मुदत संपलेली असली तरी त्याला कायद्याच्या मार्गानंच बाहेर काढता येतं. जबरदस्तीनं काढलंच, तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली ६ महिन्यांच्या आत ताबा परत मागण्याचा दावा करता येतो. या दाव्यात जागा कुणाच्या मालकीची, हा प्रश्नच येत नाही. ताबा कुणाकडे होता आणि तो कसा गेला, एवढंच पाहतात. ६ महिने उलटले की हा सोपा रस्ता बंद होतो. त्यामुळे मामा-काकांना मध्ये घालून समेट होईल म्हणून वाट पाहत बसताना कॅलेंडरवर नजर असू द्या.

मग मालकानं करायचं काय? माझं मत विचाराल तर, त्याचं भांडण कोर्टात जिंकलं किंवा हरलं जात नाही. ते खोली देण्याच्या दिवशीच ठरतं. आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार स्टॅम्प पेपरवर टाइप करून, नोटरीचा शिक्का मारून कपाटात ठेवायची पद्धत आहे. अकरा महिन्यांचा म्हणून रजिस्ट्री लागत नाही, असं गल्लीतला प्रत्येक दलाल छातीठोक सांगतो. आपला भाडे नियंत्रण कायदा कलम ५५ मध्ये नेमकं उलट सांगतो. करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि भांडण झालं तर अटींबद्दल किरायदार जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. त्याशिवाय मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शहरात नोंदणीची फी आहे १,००० रुपये. त्यावर थोडी स्टॅम्प ड्युटी. हे काम ऑनलाइन होतं, दोघांचे आधार आणि अंगठे लागतात. एका महिन्याच्या किरायाहून कमी पैशांत होणारी गोष्ट आपण वाचवतो आणि पुढे वकिलाला त्याच्या कितीतरी पट देतो.

राहण्याची जागा लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे फी घेऊन ठरावीक मुदतीपुरती वापरायला दिली असेल तर मालकाला आणखी एक फायदा आहे. मुदत संपूनही माणूस निघाला नाही तर स्मॉल कॉजच्या लांब रांगेत उभं न राहता सरकारनं यासाठी नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. समोरच्याला समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन लढण्याची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही किंवा मिळाली नाही, तर थेट हुकूम. आणि मुदतीनंतर जितके दिवस राहिला तितक्या दिवसांची फी दुपटीनं. मुदत संपल्यावर ‘राहू दे अजून थोडे दिवस’ म्हणणाऱ्या किरायदारांनी हे ‘दुप्पट’ ध्यानात घ्यावं. दुकानाला, गोदामाला मात्र हा रस्ता नाही.

छोट्या दोन गोष्टी. स्लॅब गळत असेल तर पावसाळ्याआधी मालकाला लेखी कळवा. १५ दिवसांत त्यानं दुरुस्ती केली नाही तर आपण करून घेऊन खर्च किरायातून वळता करता येतो, पण वर्षाच्या किरायाच्या एक चतुर्थांशाच्या वर नाही. बिलं जपून ठेवा. दुसरं म्हणजे, किरायदाराची माहिती पोलिसांना देण्याचे आदेश पोलिस आयुक्तालय वेळोवेळी काढतं. ते मालकानं पाळायचे असतात. त्याचा किरायदार काढण्याशी काही संबंध नाही, आणि ठाण्यातला शिपाईही कोर्टाच्या हुकुमाशिवाय कुणाची खोली खाली करून देऊ शकत नाही.

हुकूमनामा झाला की मालक तो अमलात आणायची दरखास्त दाखल करतो आणि ताब्याचं वॉरंट घेऊन बेलिफ, म्हणजे कोर्टाचा माणूस, येतो, गरज पडली तर पोलिस बंदोबस्तात. तिथपर्यंत बात जाऊ नये असं वाटत असेल तर त्याआधी बोला. मुलांच्या परीक्षा आहेत, एप्रिल संपेपर्यंत थांबा, तोवरचा किराया देतो, असं हमीपत्र कोर्टात लिहून दिलं तर बहुतेक मालक तयार होतात. त्यांनाही बेलिफची तारीख नकोच असते. डिपॉझिटमधून काय कापायचं, रंगाचे किती, फुटलेल्या काचेचे किती, विजेचं बिल कोणाचं, हेही त्याच कागदावर येऊ द्या. किल्ली देताना दोघांनी मिळून खोलीचे फोटो काढा.

आणि वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून घरी बसू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रिया, मुलं, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना मोफत वकील मिळतो. त्या यादीत औद्योगिक कामगारही आहे, हे हिंगण्या-बुटीबोरीतल्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. कंपनीचं ओळखपत्र, करारनामा किंवा पावत्या, आणि आलेली नोटीस पाकिटासकट न्या. पाकिटासकट अशासाठी की, नोटीस कधी मिळाली ते त्यावरच्या शिक्क्यावरून कळतं आणि नोटिशीचे ९० दिवस तिथून मोजायचे असतात. जायला जमत नसेल तर फोन नंबर आहे १५१००. नमस्कार.