पाण्यातून काढलेला क्रोमियम जातो कुठे?

नमस्कार. समोरच्या टेबलावर दोन चंबू ठेवले आहेत. डावीकडच्या चंबूत पोटॅशियम डायक्रोमेटचे पातळ, हळदीच्या पाण्यासारखे पिवळे द्रावण आहे. उजवीकडच्या चंबूतही तेच द्रावण होते. त्यात सल्फ्युरिक आम्लाचे काही थेंब टाकले, नारळाच्या करवंटीपासून केलेल्या कोळशाची पूड घातली, काल दिवसभर ते ढवळत ठेवले आणि आज सकाळी गाळून घेतले. आता त्यात रंगाचा मागमूसही दिसत नाही. मग यातले विष गेले, असे म्हणायचे का? या एका प्रश्नाभोवतीच मला आज बोलायचे आहे, कारण प्लेटिंगच्या, म्हणजे धातूचा मुलामा देणाऱ्या, कारखान्यांतून निघणाऱ्या धुवणाच्या पाण्याबाबतही नेमका हाच प्रश्न पडतो.

स्पंज पाणी पोटात घेतो, ते शोषण. पण विरघळलेला पदार्थ घन पदार्थाच्या पृष्ठभागावर येऊन चिकटतो, तेव्हा त्याला अधिशोषण म्हणतात. कोळसा द्रावणातला रंग ओढून घेतो, हे रसायनशास्त्रज्ञ लोवित्झ यांनी १७८५ साली दाखवले होते. चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममधील सूक्ष्म छिद्रांचा आतला पृष्ठभाग मोजला, तर तो साधारण ५०० ते १,५०० चौरस मीटर भरतो. धातूंच्या बाबतीत मात्र नुसता पृष्ठभाग मोठा असून भागत नाही. त्यावर धातूला धरून ठेवणारे रासायनिक गट असावे लागतात. कोळंबीच्या टरफलांपासून मिळणाऱ्या कायटोसानमध्ये छिद्रांचा पसारा कोळशाइतका नसतो, तरीही त्यातील अमाइन गटांमुळे ते तांबे आणि पारा चांगले धरते.

पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, इथे निर्णायक ठरतो. शिसे आणि कॅडमियम पाण्यात धनभारित आयनांच्या रूपात असतात. पाणी फार आम्लधर्मी असेल, तर हायड्रोजनचे आयन त्यांच्या जागा आधीच अडवून बसतात, म्हणून सामू ५ ते ६ च्या आसपास असलेला बरा. षट्संयुजी क्रोमियमचे, म्हणजे आपल्या डायक्रोमेटमध्ये असलेल्या क्रोमियमच्या विषारी रूपाचे, अगदी उलट आहे. तो क्रोमेटच्या ऋणभारित रूपात वावरतो आणि सामू २ ते ३ असताना उत्तम चिकटतो. त्यामुळे सगळ्या टाक्यांचे पाणी एकाच हौदात सोडून त्यावर एकच उपाय करू पाहणाऱ्याची निराशा ठरलेली असते.

आता पुन्हा उजवीकडच्या चंबूकडे वळू. डायफेनिलकार्बाझाइड हे अभिकर्मक षट्संयुजी क्रोमियम असलेल्या आम्लधर्मी पाण्यात टाकले की जांभळट रंग येतो. या गाळलेल्या पाण्यात तो येत नाही. पण तेच पाणी धातू कोणत्याही रूपात असला तरी एकूण मोजणाऱ्या ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन यंत्रावर तपासले, तर त्यात क्रोमियम सापडतो. याचे कारण असे, की आम्लधर्मी पाण्यात कोळसा केवळ धरून ठेवण्याचे काम करत नाही. तो षट्संयुजी क्रोमियमला इलेक्ट्रॉन देऊन त्याचे त्रिसंयुजी क्रोमियममध्ये रूपांतर करतो, आणि हा धनभारित त्रिसंयुजी क्रोमियम त्या आम्लात कोळशाला फारसा न चिकटता पाण्यातच राहू शकतो. रूपांतर वाईट नाही, कारण त्रिसंयुजी रूप बरेच कमी विषारी आहे. मात्र त्याला ‘क्रोमियम काढला’ असे म्हणणे चूक आहे, आणि ही चूक छापील निबंधांतही आढळते याचे मला मनापासून वाईट वाटते. आपल्याकडे नदी-नाल्यांत सोडायच्या पाण्यासाठी षट्संयुजी क्रोमियमची मर्यादा लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम आणि एकूण क्रोमियमची २ मिलिग्रॅम अशी वेगवेगळी ठेवली आहे. दोन्ही मोजल्याशिवाय अहवाल पुरा होत नाही.

दुसरी गोष्ट हिशेबाची. समजा, एका कारखान्यातून रोज १०,००० लिटर पाणी निघते आणि त्यात लिटरमागे २०० मिलिग्रॅम धातू आहे. म्हणजे दिवसाला २ किलो धातू झाला. आपला अधिशोषक प्रत्यक्ष वापरात ग्रॅममागे १० मिलिग्रॅम धातू धरत असेल, तर रोज २०० किलो माल लागेल. एवढा माल आणायचा कुठून आणि टाकायचा कुठे? तेच पाणी आधी मेटाबायसल्फाइट आणि चुन्याच्या जुन्या पद्धतीने साका बसवून २ मिलिग्रॅमपर्यंत आणले, तर त्याच अधिशोषकाचे रोज २ किलो पुरतात. म्हणून अधिशोषणाची जागा शेवटच्या टप्प्यावर आहे, असे माझे ठाम मत आहे. मोठ्या ईटीपीला, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्राला, पर्याय म्हणून भाताचे तूस किंवा उसाचे चिपाड सुचवणाऱ्यांनी हे गणित आधी मांडून पाहावे.

आणि धातू हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, जळून संपत नाही, फक्त जागा बदलते. पाण्यातून निघालेला क्रोमियम आता त्या काळ्या पुडीत आहे. चिकटलेले शिसे किंवा निकेल सौम्य आम्लाने, तर क्रोमेट सौम्य कॉस्टिकने बरेचसे सोडवून घेता येते आणि तोच माल पुन्हा वापरता येतो. पण प्रत्येक फेरीत त्याची क्षमता थोडी उतरते. शेवटी उरणारी पूड घातक कचरा ठरू शकते. तसे ठरल्यास तिची रवानगी तळोजा किंवा रांजणगावसारख्या अधिकृत केंद्राकडेच व्हायला हवी, बांधावर किंवा भट्टीत नव्हे. म्हणूनच कोणी नवा अधिशोषक घेऊन आला, की त्याची क्षमता विचारण्याआधी मी त्याला वापरलेली पूड मागतो, ती सौम्य ॲसिटिक आम्लाच्या पाण्यात सुमारे १८ तास घुसळत ठेवतो आणि किती धातू परत पाण्यात उतरला ते मोजतो.