भाद्रपदाच्या आधी

(दृश्य : वडोदरा, दांडिया बाजार, पहाट. बंद दुकानांच्या पायऱ्यांवर झोपलेली कुत्री.)

नसबंदीसाठी भटक्या कुत्र्यांची मोजणी याच वेळी करायची. दुकानं उघडली की कुत्री पांगतात. वहीत टिपायचं ते एवढंच : गल्ली, रंग, नर की मादी, आणि कानाला खाच आहे का. खाच म्हणजे नसबंदी झालेली.

भाद्रपदातल्या कुत्र्यांचा दाखला आपल्याकडे उगाच देत नाहीत. पावसाळा सरता सरता बहुतेक माद्या माजावर येतात, ६३ दिवसांच्या आसपास व्यातात, म्हणून थंडीत गल्लोगल्ली पिल्लं दिसतात. तेव्हा आषाढ संपेपर्यंत नसबंदीचं काम उरकलेलं हवं. दहा गल्ल्यांतून दोन-दोन कुत्री उचलण्यापेक्षा एक गल्ली पुरी करावी. राहून गेलेली एकच मादी पाच-सहा पिल्लं घालते.

(दृश्य : पोळी टाकणारा हात.)

रोज पोळी घालणारी बाई सोबत असली की कुत्रं हाकेवर येतं. जाळं चुकलं, तर तेच कुत्रं पुढे कित्येक दिवस जवळ फिरकत नाही. आचळं दुधानं भरलेली मादी मात्र उचलायचीच नाही. मागे पिल्लं उपाशी मरतात. ही सर्वांत क्रूर चूक. दोन महिन्यांनी, पिल्लं दुधावरून तुटली की तिला आणावं. सहा महिन्यांखालचं पिल्लू नसबंदीसाठी पकडायचं नाही.

शस्त्रक्रियेआधी साधारण १२ तास पोट रिकामं हवं, नाहीतर भुलीत उलटी होऊन अन्न फुप्फुसात जातं. रेबीजची लस त्याच मुक्कामात टोचायची. नंतर किमान चार दिवस कोरड्या पिंजऱ्यात. सोडायची घाई केली की जखम चिघळते, टाके उसवतात.

२०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे कुत्रं उचललं तिथेच परत सोडायचं. शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकं यांची आवारं सर्वोच्च न्यायालयाच्या ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशानं यातून वगळली आहेत. ‘लांब नेऊन सोडा’ असं रहिवासी विनवतात. पण उकिरडा तसाच राहिला, तर मोकळ्या जागी शेजारची, बिनलशीची कुत्री येऊन बसतात.

(दृश्य : वाड्याचा जिना, माळा.)

मांजरं भाद्रपदाची वाट पाहत नाहीत. चार-पाच महिन्यांची भाटीही (मांजराची मादी) गाभण राहते. तिला हातानं धरू नये. पिंजऱ्यात सुकट ठेवावी, दार पडताच वरून चादर टाकावी. अंधारात ती शांत होते. उघड्यावर जाळीला नाक घासून रक्त काढते. पिंजरा लावण्याआधी माळ्यावर पिल्लं आहेत का, ते पाहून घ्यावं.