उसाचं बेट: सेंट किट्समधले साडेचार तास

[जहाजाच्या डेकवरून, सकाळी पावणेसात]

समोर हा जो डोंगर ढगात डोकं घालून बसलाय ना, तो लियामुइगा, कॅरिबियन समुद्रातल्या सेंट किट्स बेटावरचा. ज्वालामुखी आहे, सध्या शांत, उंची ११५६ मीटर. कालिनागो लोक, म्हणजे इथले मूळ रहिवासी, अख्ख्या बेटालाच लियामुइगा म्हणायचे, सुपीक जमीन असा अर्थ. इंग्रजांच्या काळात डोंगराचं नाव झालं माउंट मिझरी, आणि १९८३ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा लोकांनी जुनं नाव परत लावलं. आता जरा खाली बघा, उतारावर ती पोपटी झालर दिसतेय? ती बघून आमचे आण्णा डेकवरच म्हणाले, "अगं, ह्यो ऊस हाय." मी म्हटलं आण्णा, गवत असेल, इथला साखर कारखाना कधीच बंद झालाय. ते काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले.

आण्णा म्हणजे माझे वडील. वाळवा तालुक्यातले, ३१ वर्षं सहकारी साखर कारखान्यात मिल हाउसला फिटर होते, आणि घरचा ऊस आहेच. मी ह्यूस्टनला असते, त्यांना आणि आईला सॅन हुआनहून सुटणाऱ्या सात रात्रींच्या क्रूझवर आणलं होतं, आणि खरं सांगते, त्यात सेंट किट्स आहे हे मी मुद्दाम बघून घेतलं होतं.

[बंदर, गाड्यांची रांग]

हे पोर्ट झांटे, राजधानी बासटेअरचं बंदर. जहाजातून चालत बाहेर पडायचं, दुकानं ओलांडायची, की पुढं स्थानिक टॅक्सीवाले उभे असतात व्हॅन घेऊन. आमचे ड्रायव्हर म्हणजेच गाईड, साठीच्या आसपासचे, नाव व्हिडिओत नको म्हणाले म्हणून घेत नाही. जहाजावर बऱ्याच जणांनी आज बीचवर खुर्ची टाकून बसायचं ठरवलं होतं. समुद्र सुंदर आहे, प्रश्नच नाही, पण समुद्र तर सातही दिवस बघायचाच असतो, आणि बेटाची माणसं फक्त ह्या अर्ध्या दिवसात भेटतात. मी कळकळीनं सांगेन, इथं उतरलात तर गाडी करा आणि इथल्याच माणसाला सोबत घ्या.

हा हिरवा घड्याळाचा मनोरा सर्कस नावाच्या चौकातला, लंडनच्या पिकॅडिली सर्कसवरून चौकाचं नाव. ही पुढची बाग, इंडिपेन्डन्स स्क्वेअर. कारंजं, बाकडी, शाळेतनं सुटलेली पोरं. आधी ह्याचं नाव पॉल मॉल स्क्वेअर होतं आणि आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचा बाजार इथं भरायचा. गाईडनी गाडी थांबवली, हे एवढंच सांगितलं आणि गाडी परत सुरू केली.

[खिडकीतून, डावीकडे समुद्र]

गाडी आपल्यासारखी डाव्या बाजूनं चालते. रस्ता किनाऱ्यानं, एका बाजूला कॅरिबियन समुद्र आणि दुसऱ्या बाजूला चढत गेलेला डोंगर. बेट केवढंसं, सुमारे १६८ चौरस किलोमीटर, पण १६२४ ला थॉमस वॉर्नर इथं वस्ती करून राहिला आणि कॅरिबियनमधली इंग्रजांची पहिली टिकलेली वसाहत ती हीच. पाठोपाठ फ्रेंच आले. दोघांनी बेट वाटून घेतलं, मधला भाग इंग्रजांचा आणि दोन्ही टोकं फ्रेंचांची. ही पाटी गेली ती ब्लडी पॉइंटची, १६२६ ला ह्या दोघांनी मिळून कालिनागो लोकांची कत्तल केली ती जागा. आम्ही तिथं उतरलो नाही म्हणून चित्रण एवढंच आहे.

आणि आता हे बघा, रूळ. रस्त्याला आडवे जाणारे. नशिबानं तेवढ्यात गाडीच आली, ही दुमजली डब्यांची टुरिस्ट ट्रेन, वरच्या मजल्यावरून लोक हात करतायत. २००३ पासून चालते, पण रूळ १९१२ ते १९२६ मध्ये टाकलेत, शेतातला ऊस बासटेअरच्या कारखान्यात न्यायला. अडीच फूट रुंदीचे रूळ, म्हणजे आपल्या बार्शी लाइट रेल्वेचे होते तेवढेच आणि विदर्भातल्या शकुंतलेचेही तेवढेच. शकुंतला कापसासाठी, ही उसासाठी. गाईड म्हणाले, लहानपणी ह्या गाडीच्या मागं पळत पळत उसाची कांडी ओढायचो. आण्णा मागच्या सीटवरून म्हणाले, "आमी बैलगाडीतनं वढायचो." मी दोघांचं दोघांना सांगत होते, पण हे सांगायच्या आधीच ते हसायला लागले होते, कारण दोघांनीही हातानं तीच ॲक्शन केली होती.

[रॉम्नी मॅनर, झाड]

ओल्ड रोड गावातून आत वळलं की रॉम्नी मॅनर, उसाच्या मळ्याचा जुना बंगला. हे झाड आधी बघून घ्या, कॅमेऱ्यात मावलं नाही, मागं मागं जात शेवटी कुंपणाला टेकले. ह्याला इथं सामान म्हणतात. आणि हे म्हणजे आपला पर्जन्यवृक्ष, मुंबई-पुण्यात जुन्या रस्त्यांवर छत धरून उभा असतो तोच, तो मूळचा ह्या अमेरिकेकडचा, आपल्याकडं नंतर आलेला. हे झाड चारशे वर्षांचं असल्याचं सांगतात. फांद्यांवर बघा, नेचे आणि बांडगुळासारखं काय काय वाढलंय, आई खाली उभी राहून नुसती वर बघतेय.

बंगल्यात बाटिक करतात. ह्या बाई कापडावर मेण ओढतायत, जिथं मेण तिथं रंग चढत नाही, मग रंगात बुडवायचं, वाळवायचं, परत मेण, परत रंग, आणि शेवटी उकळत्या पाण्यात मेण काढून टाकायचं. हात अजिबात हलत नाही त्यांचा. आईनं एक पिवळा स्कार्फ घेतला.

[विंगफिल्ड, अवशेष]

पण आण्णा तिथं नव्हतेच. ते खाली उतरून गेले होते, आणि मी कॅमेरा घेऊन पोचले तेव्हा ते इथं उभे होते, ह्या धुराड्यापाशी. हे विंगफिल्ड इस्टेट. धुराडं, दगडी कमानींवरून पाणी आणणारा पाट, घाण्याचा खड्डा, उकळायच्या जागा. ह्या इस्टेटीचा एक जुना मालक सॅम जेफरसन, अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन ह्याचा पूर्वज असल्याचं सांगतात. पाटी मोठी आहे, सगळं लिहिलेलं आहे त्यात, पण आण्णांनी पाटी वाचलीच नाही. ते पाटाच्या उतारावरून सुरू झाले आणि जसा रस जाईल तसे चालत गेले.

पाणी नदीतून ह्या पाटानं यायचं, चाकावर पडायचं, चाकानं घाणा फिरायचा. उसाचं इथंही तेच, तोडला की लगेच गाळायला लागतो, ठेवला की रस आंबतो, म्हणून हंगामात घाणा रात्रंदिवस चालू. ऊस हातानं चरकात सारायला लागायचा. झोप नाही, अंधार, हात आत ओढला गेला तर चरक थांबेपर्यंत सगळा माणूस जायचा, म्हणून कॅरिबियनमधल्या अशा घाण्यांवर शेजारी कुऱ्हाड ठेवलेली असायची, हात तोडायला. आण्णांना हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी स्वतःचा डावा हात उजव्या हातात धरला. ते दिसतंय इथं, मी काही बोलत नाही.

मग रस उकळायला. आपल्या गुऱ्हाळात एक मोठी काहील असते, इथं तांब्याच्या कढयांची रांग, पहिली मोठी, पुढची तिच्याहून लहान, अशी शेवटपर्यंत. खाली जाळ, जळण म्हणून चिपाडं, हे तर आपल्यासारखंच. पहिल्या कढईत चुना टाकून मळी वर आणायची आणि काढत राहायची, आपल्याकडं भेंडीचं पाणी टाकतात त्याच कामाला. मग पळ्यांनी रस पुढच्या कढईत, आटला की अजून पुढच्या, आणि शेवटच्या सगळ्यात लहान कढईत बोटाला तार धरायला लागली की उतरवायचा. आपल्याकडं हे बघायला गुळव्या असतो, सगळं गुऱ्हाळ त्याच्या शब्दावर. इथंही ते एक माणूस बघायचा, आणि तो गुलाम असायचा. सगळ्यात अवघड कारागिरी ज्याच्या बोटात, त्याच्या नावावर स्वतःचं अंगही नाही. मला हे फार लागतं. आम्ही गुळव्याला हाक मारून पहिला गूळ त्याच्या हातनं घेतो.

साखर थंड झाली की मडक्यांतून काकवी निथळून काढायची, आणि काकवीची रम. सगळा युरोप चहात जी साखर ढवळत होता ती अशी व्हायची.

आण्णांनी ह्या भिंतीच्या सांध्यात बोट घालून बघितलं, म्हणाले, "चुना हाय. शिमिट न्हाय." गाईड म्हणाले, चुना बघायचाय तर पुढं चला.

[डोंगरावरची चढण, दगडी कमान]

हे ब्रिमस्टोन हिल. ब्रिमस्टोन म्हणजे गंधक. रस्ता एवढा अरुंद आहे की प्रत्येक वळणाला हॉर्न वाजवून जायचं, वरून गाडी येत असेल तर कुणीतरी मागं घ्यायची. माकडं दिसतील, फ्रेंचांनी आणलेली, हिरवट केसांची. १६९० मध्ये इंग्रजांनी खालचा फ्रेंचांच्या हातातला किल्ला मारायला ह्या डोंगरावर पहिल्या तोफा चढवल्या, आणि तिथून पुढं शंभरएक वर्षं बांधकाम चालूच राहिलं. १९९९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, आणि यादीत स्पष्ट लिहिलंय की आराखडा ब्रिटिश इंजिनिअरांचा आणि बांधला आफ्रिकन गुलामांनी. २०२५ ला आपले बारा किल्ले त्याच यादीत गेले, म्हणून मला इथं येताना माहेरच्या कुणाकडं चालल्यासारखं वाटत होतं.

दगड बघा. काळा, ज्वालामुखीचा, सह्याद्रीत असतो तसा, घडीव चिरे. डोंगरावरचाच दगड काढून तिथंच घडवलाय. आणि चुना खालचा, ह्याच डोंगराच्या पायथ्याशी चुनखडी आहे, तिथं भट्टी लावायची, चुना भाजायचा आणि वर वाहून न्यायचा. आता आम्ही गाडीतनं दहा मिनिटांत आलो ती चढण डोक्यावर ओझं घेऊन. आई इथं पायऱ्यांवर दम खायला बसलीय, पाठीमागं बघा चिऱ्यांवर छिन्नीचे घाव, एकाशेजारी एक, तिरके, सारख्या अंतरावर. कॅमेरा मी इथं बराच वेळ ठेवलाय. ज्यानं हे घाव घातले त्याचं नाव कुठं नाही, पण हात कसा बसायचा ते कळतं.

वरून हा नजारा. तोफांची रांग समुद्राकडं तोंड करून, समोर सिंट युस्टेशियस, आणि त्याच्या मागं धूसर तो साबा. १७८२ ला फ्रेंचांनी वेढा घातला, आठ हजार सैन्य, आत साधारण हजार. महिनाभर किल्ला लढला. गडप्रेमींना सांगते, चांगल्या पितळी तोफा वर चढवायच्या राहून पायथ्याशीच पडल्या होत्या, त्या फ्रेंचांना आयत्या मिळाल्या आणि त्यांनी त्याच किल्ल्यावर वळवल्या. किल्ला पडला, पण १७८३ च्या तहात बेट इंग्रजांना परत मिळालं. १८३४ ला गुलामगिरी संपली, ऊस संपला नाही. १९३५ ला मजुरीसाठी लोक उठले, तिघं गोळीबारात गेले, १९४८ ला तेरा आठवड्यांचा संप झाला, त्या संपाचा पुढारी रॉबर्ट ब्रॅडशॉ, आधी साखर कारखान्यातला कामगार, पुढं बेटाचा पहिला प्रीमियर, विमानतळाला त्याचं नाव आहे. आणि २००५ ला सरकारनं शेवटचा हंगाम करून साखर बंद केली, भाव परवडत नव्हता, कामगार घरी गेले.

[रस्त्याकडेला, परतीच्या वाटेवर]

परत येताना आण्णांनी गाईडना खांद्याला हात लावून गाडी थांबवायला सांगितली. ही तीच पोपटी झालर, सकाळी डेकवरून दिसलेली. ऊसच. कुणी लावत नाही, कुणी तोडत नाही, खोडव्यातनं आपला आपण येतोय वीस वर्षं. गाईडच्या आईनं ह्याच उतारावर मोळ्या वाहिल्या होत्या. हंगामाला ते क्रॉप म्हणतात, "आई क्रॉपला गेली की आम्ही आजीकडं." त्यांनी गाडीतला सुरा काढला, एक ऊस बुडातनं तोडला, शेंडा उडवला, वर धरून एका घावात सोलला. आण्णा बघत होते, मग सुरा त्यांनी मागून घेतला. त्यांची सोलायची तऱ्हा वेगळी, कांड्यावरून खाली. दोघं रस्त्याकडेला उभे राहून खातायत. गाईडनी विचारलं, कसा आहे. आण्णा म्हणाले, "पानी लई झालंय. पन गोडी हाय."

[बंदर, दुपारी सव्वा वाजता]

जहाजावर ताजं पीक न्यायला बंदी आहे, तपासणीत काढून घेतात. आण्णांनी खिशातनं एक कांडं काढलं, तीन डोळ्यांचं, लावायच्या मापाचं. गेटच्या अलीकडं गाईड अजून थांबले होते, ते त्यांच्या हातात दिलं.

इथून पुढं आवाज ठेवलेला नाही.