नदी संरक्षित आहे, मग काठावर घरं कशी?

नमस्कार मंडळी! अमेरिकेतल्या डेलावेअर नदीवरच्या कनूच्या (वल्ह्यांच्या छोट्या होडीच्या) व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय. "नदी संरक्षित म्हणता, मग काठावर एवढी घरं कशी?" चला, आज त्यावरच बोलू.

प्राथमिक माहिती भराभर सांगतो. निवडक नद्यांचे पट्टे यादीत घालून जपणारा अमेरिकेचा कायदा म्हणजे वाइल्ड अँड सीनिक रिव्हर्स ॲक्ट, 2 ऑक्टोबर 1968, सही अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांची. सुरुवात आठ नद्यांनी झाली, आज दोनशेच्या वर आहेत. तरी अमेरिकेतल्या नद्यांची एकूण लांबी धरली तर अर्धा टक्काही भरत नाही. वाइल्ड, सीनिक, रिक्रिएशनल असे तीन वर्ग. रस्ते आणि वस्ती किती यावर ते ठरतात, पण धरणाला बंदी तिन्हींत सारखीच. झालं.

आता खरी गोम. हा कायदा हात कुणाचे बांधतो? तुमचे-माझे नाही, केंद्र सरकारचे! कलम 7 सांगतं की यादीतल्या पट्ट्यावर जलविद्युत धरणाला फेडरल एनर्जी रेग्युलेटरी कमिशनने परवाना द्यायचा नाही. आणि नदीच्या गुणांना थेट बाधा आणणाऱ्या पाण्याच्या प्रकल्पाला इतर केंद्रीय खात्यांनी पैसा, कर्ज, परवानगी यातलं काहीच द्यायचं नाही. घराचं काय? ते टाउनशिपच्या, म्हणजे स्थानिक गावकारभाराच्या, झोनिंगवर (कुठे काय बांधायचं याच्या नियमांवर). अप्पर डेलावेअरचा 73 मैलांचा पट्टा 1978 पासून यादीत आहे, आणि तिथली जवळजवळ सगळी जमीन खाजगी आहे. केंद्राच्या नॅशनल पार्क सर्व्हिसकडे अगदी नावापुरती.

तरी 1980 च्या दशकात तिथले लोक "सरकार जमिनी लाटणार" म्हणून खवळले होते. उगाच नाही हो. खाली मिडल डेलावेअरवर टॉक्स आयलंड धरण 1962 साली मंजूर झालं, 37 मैलांचा तलाव होणार होता आणि त्यासाठी सरकारने खरोखर घरंदारं ताब्यात घेतली होती. 1975 साली नदीखोऱ्यातल्या चारपैकी तीन राज्यांनी धरणाच्या विरोधात मत दिलं, आणि 1978 साली तो पट्टाही यादीत गेला. बाबा इकडे आले होते तेव्हा त्यांना ओल्ड माइन रोडवरची ओस घरं दाखवली. आमचं मूळ गाव कोयनेच्या पाण्याखाली. बाबा बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "आपल्याकडं माणसं उठली आणि धरण झालं. इथं माणसं उठली आणि धरणच झालं नाही?" काय सांगणार त्यांना!

दुसरी कमेंट, जरा खवचट: "वरती न्यूयॉर्कची एवढी धरणं आहेत, कसलं संरक्षण?" अहो, पेपॅक्टन आणि कॅनन्सव्हिल जलाशय यादीच्या आधीचे. कायदा जुनी धरणं फोडत नाही. वरच्या अंगाला नवा प्रकल्प आला तर यादीतल्या पट्ट्याची हानी होते का, एवढंच तपासतो. पुन्हा तेच: संरक्षण पट्ट्याला आहे, उगमापासून समुद्रापर्यंत अख्ख्या नदीला नाही.

"म्हणजे कागदी वाघच की!" मुळीच नाही. नॉर्थ कॅरोलायनातली न्यू रिव्हर बघा. तिथल्या ब्लू रिज या जलविद्युत धरणांच्या प्रकल्पाला परवाना मिळालेला होता, हातात कागद होता. 1976 साली नदीचा साडेसव्वीस मैलांचा पट्टा यादीत आला आणि प्रकल्प बारगळला. सरकारचेच हात बांधल्यावर कंपनी परवाना आणणार कुठून?

आणि ते "आपल्याकडे असलं काही नव्हतंच" लिहिणारे. होतं की! महाराष्ट्रात 2000 साली नदी नियमन क्षेत्राचं धोरण आलं. कुठला उद्योग नदीपासून किती लांब, हे त्यात ठरवलेलं होतं. 2015 साली सरकारने ते रद्द केलं. तेव्हा "नव्हतं" लिहू नका, "काढून टाकलं" लिहा.

शेवटचं, अप्पर डेलावेअरच्या काठावरच्या नॅरोजबर्गला केबिन घ्यायला निघालेल्या मंडळींसाठी. खुशाल घ्या. आधी तिथल्या टाउनच्या कचेरीत झोनिंग आणि पूररेषा विचारा. पण काठ ढासळतोय म्हणून पात्रात दगडांचं पिचिंग करायचं असेल, तर आर्मी कोअरची (लष्कराच्या अभियंता दलाची) परवानगी लागते. ती केंद्राची, म्हणजे कलम 7 आलंच. कंत्राटदार "काही लागत नाही" म्हणाला तर त्याच्याकडून तसं लिहून घ्या, बघा देतो का.